बेल्जियममधले बटाटे

माझा स्वभाव संशयी आहे, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. माझं म्हणणं एवढंच, की संशयाला जागा ठेवू नका, मी घेणार नाही. पालेभाजीवर पाणी जरा जास्त मारलेलं दिसलं की मी खालची जुडी उपसून बघते, आणि खालची जुडी हमखास सडकी निघते. यात माझा काय दोष? आमचे हे, म्हणजे श्रीपाल, राजारामपुरीत हार्डवेअरचं दुकान चालवतात आणि समोरचा जे बोलेल ते खरं मानतात. "राजमती, तू पोलिसात पायजे होतीस. कोल्हापुरात चोर ऱ्हायला नसता," हे त्यांचं ठरलेलं वाक्य आहे.

तर रविवारच्या फोटोंवर माझा पहिल्यापासून डोळा होता.

आमचा मुलगा वृषभ अमेरिकेच्या सैन्यात आहे. एवढं सरळ सांगायला मला बराच काळ लागला. शिकायला म्हणून तिकडं गेला, तिथं कायमचं राहायची परवानगी मिळाली, आणि एक दिवस फोनवर म्हणाला, "आई, आर्मीत भरती झालो." आमचं जैनाचं घर. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून माझी सासू बघून पाऊल टाकायची. मी दोन दिवस जेवले नाही. "बंदूक न्हाई गं, कम्प्युटर सांभाळतो मी," असं तो दहादा म्हणाला. समाजात आम्ही 'कम्प्युटरमध्ये आहे' असं सांगतो आणि विषय बदलतो.

पुढं त्याची बदली जर्मनीला झाली. सैन्याच्या वसाहतीत घर मिळालं. बायको रुचिता, मूळची सांगलीची, आणि आमची नात ऐश्वर्या, ती आमची ऐशू, दोघी त्याच्याबरोबर गेल्या. मग सुरू झाली ह्यांची भटकंती. सुट्टी मिळाली की गाडी काढायची आणि देश बदलायचा. आपण हातकणंगल्याला हळदी-कुंकवाला जाऊन यावं, तसे हे लोक दुसऱ्या देशात जेवून परत येतात. दर रविवारी संध्याकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर फोटो. पाण्यातल्या शहरात होडीत बसलेले तिघं. बर्फाच्या डोंगरावर तिघं, नाकं लाल. कुठल्याशा राजाच्या किल्ल्यापुढं तिघं. आमचे हे तर फोटो मोठे करून दुकानातल्या गिऱ्हाइकांनासुद्धा दाखवायचे. "बघा की, काय झकास आलाय!"

फोटोत वृषभ असायचा. फोनवर मात्र नसायचा.

गेल्या हिवाळ्यात तो एकटाच येऊन गेला, चुलतभावाच्या लग्नाला. त्यानंतर व्हिडिओवर मी त्याचं तोंड बघितलं नव्हतं. कधी ड्युटी, कधी झोपलाय, कधी गाडी धुवायला गेलाय. महिन्यातून कधीतरी त्याचा फोन यायचा, तोही नुसता आवाजाचा. विहिरीतून बोलल्यासारखा आवाज, मधेच तुटणारा. "मी बरा हाय. तू कशी हाईस? आप्पांचा गुडघा?" आणि संपलं.

ठिणगी टाकली ती वरच्या मजल्यावरच्या विजयसिंह भाऊजींनी. आपल्या फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले आहेत. जिन्यात मी त्यांना ट्युलिपच्या शेतातला फोटो दाखवला. त्यांनी तो निरखून बघितला.

"वैनी, एक इचारू? पोरगं फौजेतच हाय न्हवं?"

"व्हय की."

"आन दर रविवारी मोकळं?"

"तिकडं सुट्ट्या असत्यात म्हणं."

"असतील बाबा. आमाला कुणी दिल्या न्हाईत," असं म्हणून ते हसले आणि पिशवी घेऊन खाली उतरले.

ते हसले, पण माझी झोप उडाली. मी सगळं जुळवायला बसले. फोटोत तिघं, फोनवर दोघी. माझ्या मनानं एकच अर्थ काढला. नवरा-बायकोचं बिनसलंय. हा वेगळा राहतोय आणि रविवारपुरते तिघं एकत्र येऊन फोटो काढतात, आम्हा म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकायला. तिकडं असलं सर्रास चालतं, असं आमच्या महिला मंडळातली प्रत्येक बाई सांगते.

मग मी चौकशी सुरू केली. "रुचिता, घर दाखीव की गं, लई दिवसांत बघितलं न्हाई," असं गोड बोलून तिला फोन घेऊन घरभर फिरवलं. दारामागच्या खुंट्यांवर दोन जाकिटं होती, एक मोठं बायकी आणि एक छोटं गुलाबी. स्वयंपाकघरात निथळत ठेवलेली ताटं दोन.

"वृषभचं जाकीट कुठाय?"

"धुवायला दिलंय, आई."

उन्हाळा लागला तरी जाकीट धुवून परत आलं नाही.

ह्यांना सांगायची सोय नव्हती. "सूनबाई असली न्हाई," म्हणून मोकळे झाले असते. शिवाय ह्यांच्यावरच माझा एक वेगळा संशय चालू होता. लग्नाहून वृषभ परत गेल्यापासून ह्यांनी बटाटा सोडला होता. का, तर साखर वाढलीय. आता आमच्या शेतकरी जैनांत कांदा-बटाटा सगळेच सोडत नाहीत. चातुर्मासात, पर्वाला वर्ज्य, एरवी खातात. आमच्या घरात तर बटाट्याशिवाय पान हलत नसे. बाप आणि लेक दोघं सुक्या भाजीची कढई पुसून खायचे. असला माणूस डॉक्टरच्या एका शब्दावर बटाटा सोडेल? मला वाटलं, दुकानातून येताना गाड्यावर वडे हाणून येतात आणि घरी पथ्याचं नाटक करतात. आमच्याच इमारतीत खाली दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी सहज गाठलं. त्या म्हणाल्या, "साखर? काकांना? काही नाहीये हो!" म्हटलं, सापडला चोर. फक्त रंगेहाथ पकडायचा राहिला.

आणि त्याच आठवड्यात तो बेल्जियमचा फोटो आला.

'आजची सहल, बेल्जियम,' असं रुचितानं खाली लिहिलं होतं. मागं जुन्या विटांची उंच घरं, मधून कालवा. ऐशू मधोमध, तोंड उघडून खिदळणारी. रुचिता कडेला. आणि आमचा वृषभ, हातात कागदाचा मोठा शंकू, शंकूत तळलेले बटाट्याचे लांब तुकडे, आणि त्यातला एक तोंडात अर्धा गेलेला.

माझ्या पायाखालची जमीन सरकली.

का ते सांगते. लग्नाला आला होता तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी वृषभ म्हणाला, "आई, बाहुबलीला जाऊन येऊ." आम्ही कुंभोजजवळच्या बाहुबलीच्या डोंगराला गेलो. ह्यांचा गुडघा धरलेला, ते खाली झाडाखाली बसले. आम्ही मायलेक डोंगर चढलो. वर एक मुनिमहाराज होते. दर्शन घेतल्यावर वृषभनं हात जोडले आणि न सांगता, न सवरता म्हणाला, "महाराज, नियम द्या. बटाटा सोडतो."

मला इतकं भरून आलं. सैन्यात जाऊन पोरगं धर्म विसरलं नाही.

महाराजांनी विचारलं, "आजन्म?"

"न्हाई महाराज. पुन्हा हा डोंगर चढेपर्यंत."

झालं. भरून आलेलं सगळं ओसरलं. उतरताना मी त्याला चांगलं झापलं. "नियम घ्यायचा तर जन्माचा घ्यावा. ही काय हप्त्यानं आणलेली गाडी हाय व्हय?" तो हसला. म्हणाला, "पुढच्या खेपेला आलो की वर येऊ. खाली उतरलं की तू केलेली बटाट्याची भाजी खाणार. डब्यात घालून आण." मग म्हणाला, कुणाला बोलू नको. ते मलाही पटलं. नियम पाळायचा असतो, मिरवायचा नसतो. मी ह्यांनासुद्धा सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी हे एकटेच त्याला विमानतळावर सोडायला गेले, घरी लग्नाचे पाहुणे होते म्हणून मी राहिले. परत आले ते न जेवताच आडवे झाले.

आणि आता हा फोटो. महाराजांच्या समोर हात जोडून घेतलेला नियम, आणि रस्त्यात उभा राहून, सगळ्या जगाला दाखवत बटाटे!

मला राग आला तो रुचिताचाच. आपल्या लेकराकडं बोट दाखवायला कुठल्या आईचा हात उचलतो? म्हटलं, हिनंच भरीला घातलं. फिरायचं, खायचं, फोटो काढायचे, ह्यापलीकडं हिला काही सुचत नाही. सगळा आठवडा मी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. देवापुढं बसले की डोळ्यांसमोर तो कागदाचा शंकू यायचा. नियम मोडल्याचं पाप मोठं, त्यात हा सैन्यात. त्याला कुणाचा आधार आहे तिथं, त्या एका नियमाशिवाय?

पुढच्या रविवारी संध्याकाळी हे बस्तीत गेले होते, म्हणजे आमच्या मंदिरात. मी मुद्दाम बटाट्याची सुकी भाजी करून ठेवली होती, ह्यांना पकडायला. म्हटलं, हे यायच्या आत एक प्रकरण निकालात काढू, आणि व्हिडिओ लावला. रुचितानं उचलला. केस विस्कटलेले, तोंड सुकलेलं.

"वृषभला दे."

"आई, तो जरा..."

"ड्युटीवर हाय. ठाऊक हाय मला. मग तूच सांग. त्याला बटाटं तू खायला लावलंस?"

"काय?"

"बेल्जियममधी! नियम हाय त्याचा. डोंगरावर घेतलाय, माझ्या म्होरं. निदान मोडायच्या आधी एकदा आईची आठवण तरी करायची!"

"कसला नियम?" रुचिता म्हणाली.

"कसला म्हंजे? हिवाळ्यापासनं पोरगं बटाटा खात न्हाई. एका घरात ऱ्हातासा आणि तुला पत्ता न्हाई?"

तेवढ्यात मधून ऐशूचं डोकं घुसलं. "आजी! आजी, माझे दात बघ!" म्हणून तिनं ओठ फाकवून दाखवले. पुढचे दोन दात, नवे, रुंद, मक्याच्या दाण्यासारखे पूर्ण बाहेर आलेले.

मी म्हणणार होते, वा, छान. पण माझा हात टेबलाकडं गेला. ह्यांचा फोन टेबलावर होता. मी तो घेतला आणि बेल्जियमचा फोटो उघडला. तोंड उघडून खिदळणारी ऐशू. पुढचे दोन दात नाहीतच. नुसतं बोळकं.

आठवड्यात दात उगवून एवढे होत नाहीत, कितीतरी महिने लागतात. मी मागचे फोटो बघत गेले. ट्युलिप, तोंड मिटलेलं. किल्ला, तोंड मफलरमध्ये. होडी, पाठमोरी. एका फोटोत दात दिसेल तर शपथ. इतके दिवस मी त्या फोटोंत मुलाला बघत होते, नातीकडं माझं लक्षच गेलं नव्हतं.

फोटो जुना होता. नियमाच्या आधीचा. माझ्या लेकानं नियम मोडला नव्हता! जीव असा भांड्यात पडला, की मी खुर्चीतल्या खुर्चीत हात जोडले. आणि हात जोडलेले असतानाच पुढचा विचार आला. सगळेच फोटो जुने असतील, तर वृषभ कुठाय?

"ऐशूला बाहेर पाठीव," मी म्हणाले.

रुचितानं तिला पाठवलं आणि दार लावून घेतलं. मग ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं.

"आई, मलासुद्धा नक्की ठिकाण माहीत नाही. कोल्हापूरहून आला आणि लगेच त्यांच्या तुकडीला पूर्वेकडं पाठवलं. त्याला आधीच कळलं होतं, म्हणून तर तो तुम्हाला भेटायला आला. लग्न हे निमित्त."

"लढाई हाय तिथं?"

"जवळ आहे. तो म्हणतो, कम्प्युटरच सांभाळतो."

"आन हे फोटो?"

"जुन्यातून त्यानंच निवडून ठेवले होते, निघायच्या आधी बसून. प्रत्येक रविवारचा एक. ऋतू बघून. बर्फाचे थंडीत, फुलांचे एप्रिलमध्ये. ऐशूचे दात दिसणारे वगळून. म्हणाला, एक रविवार जरी मोकळा गेला ना, तरी आई खोदत बसेल."

माझा स्वभाव माझ्या पोराला असा पाठ. जिवाला घोर लागलेला असताना तो बसून माझ्या संशयासाठी रविवार भरत होता.

"मग बेल्जियमचा कसा काय निवडला त्यानं? बटाटं दिसलं न्हाईत?"

पदर नव्हता म्हणून रुचितानं बाहीचा कोपरा डोळ्यांना लावला. "तो त्यानं नाही निवडला. तो मी टाकला. त्यानं ठेवलेले संपले, आई. एवढ्या दिवसांत परत यायचा होता तो."

मागं ऐशू कुठलंसं गाणं मोठ्यानं म्हणत होती. आठवडाभर जिला मी शिव्या घातल्या, ती पोरगी सात समुद्रापार एकटी, हसरे फोटो टाकत बसली होती, आणि मी तिच्या खुंट्या मोजत होते. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि फोनच्या काचेवर हात फिरवण्यापलीकडं काही करता आलं नाही.

"फोन येतो न्हवं त्याचा?"

"मागच्या पंधरवड्यात आला होता."

"येईल. परत येईल. तू जेवत जा." मग मी विचारलं, "आजचा फोटो टाकणार हाईस का न्हाई?"

"आता कशाला, आई?"

"तुझ्या सासऱ्यांसाठी. ते साधे हाईत, त्यांना न्हाई सोसायचं. आन बघून टाक. ऐशूचं दात नकोत, बटाटं नकोत."

हे बस्तीतून आले. मी पानं घेतली. भाजी कशासाठी केली होती तेही माझ्या ध्यानात नव्हतं, हात आपोआप वाढत होता. फोन वाजला. ह्यांनी चष्मा लावला. घाटात उभे राहिलेले तिघं, अंगात स्वेटर, ऐशू बापाच्या खांद्यावर झोपलेली.

"वा! काय झकास आलाय बघ," हे म्हणाले. नेहमीसारखंच, मोठ्यानं. पण आज मी फोटोकडं न बघता त्यांच्याकडं बघत होते. तोंडानं झकास म्हणत होते आणि अंगठा वृषभच्या चेहऱ्यावर होता. तो तिथून हलत नव्हता.

फोन उपडा ठेवून ते जेवायला लागले. बटाट्याची भाजी बोटानं ताटाच्या कडेला सारली.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्हाला साखर न्हाई," मी म्हणाले.

ते भात कालवत राहिले.

"मग बटाटा का सोडलासा?"

"डोंगर चढंपर्यंत," ते म्हणाले.

माझा हात वाढता वाढता थांबला. त्यांनी वर बघितलं. त्या भोळ्या माणसाचे डोळे मी एवढी वर्षं बघतेय, पण त्या दिवशी त्यांत महिनोन्‌महिन्यांचं जागरण दिसलं. मी त्यांना वड्याच्या गाड्यावर शोधत होते.

"विमानतळावर बोलला मला. नियमाचं बी, जायाचं बी आन फोटोंचं बी. म्हणला, आप्पा, आईला कळू देऊ नका, तिला न्हाई सोसायचं." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "तुला कुणी सांगितलं? रुचितानं?"

"बटाट्यानं," मी म्हणाले, आणि रडू फुटलं.

ते उठले, डाव्या हातानं माझ्या पाठीवर थोपटलं. कितीतरी वेळ थोपटत राहिले. मग म्हणाले, "उगी. यायचाच हाय आता. दर रविवारी नव्या फोटोची वाट बघतो बघ मी. हा गडी हिशोबानं फोटो ठेवून गेलाय, म्हंजे हिशोबानंच येणार. फोटो संपायच्या आत दारात उभा ऱ्हातोय बघ." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "रुचिता काय म्हणली? हाईत न्हवं अजून फोटो?"

जन्मभर मी दुसऱ्यांचं खोटं पकडत आले. स्वतः बोलायची मला सवय नव्हती. तरी जीभ अडखळली नाही.

"लई हाईत," मी म्हणाले. "दिवाळीपत्तूर पुरतील."

कुणावरही कधी संशय न घेतलेला तो माणूस माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला. मी मान खाली घातली आणि भाजीच्या कढईवर झाकण ठेवलं. माझ्या ताटात मी ती वाढून घेतली नाही.